हरणांपासून परसबाग वाचवायची तर: न्यू जर्सीतल्या माझ्या अंगणातून

आधी खाल्लेला देठ हातात घेऊन नीट बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पान कुरतडत नाही. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरतं आणि मान झटकून ओढून काढतं. म्हणून तुटलेलं टोक फाटलेल्या सुतळीसारखं दिसतं, तंतू लोंबत असतात. सशाने खाल्लं असेल तर देठ सुरीने तिरका छाटल्यासारखा साफ असतो, आणि सशाचं काम जमिनीपासून दोन फुटांच्या आतच असतं. ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा घुशीसारखा पण मोठा प्राणी, असेल तर जवळपास कुठेतरी बिळाचं तोंड आणि उकरलेली माती सापडतेच. कमरेच्या वरची पानं गेली असतील तर दुसरं कोणी नाही, हरीणच.

हे इतकं तपशिलात सांगते कारण इथेच चूक होते. गेल्या वर्षी आमच्या रस्त्यावर राहायला आलेली एक मुलगी सकाळी सकाळी दारात आली. "काकू, रात्रीत सगळी मेथी गेली हो. आणि वालाचे वेल तर नुसत्या काड्या झालेत." तिने तोवर सशांसाठी म्हणून दोन फुटांची जाळी आणून वाफ्याभोवती लावूनही टाकली होती. मी तिच्याबरोबर गेले, वालाचा वेल पाहिला तर टोकं फाटलेली. वाफ्याच्या कडेला ओल्या मातीत दोन पाकळ्यांचे खूर उमटलेले, पुढे निमुळते. दोन फुटांची जाळी त्यांनी नुसती पाय उचलून ओलांडली होती.

मी सोमरसेट काउंटीत गेली पंचवीस वर्षं भाजी लावते. माती लाल, फूटभर खणलं की खाली लाल शेलचे, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचे थर. इथली हरणं म्हणजे व्हाइट-टेल्ड, शेपटीची खालची बाजू पांढरी. घाबरलं की शेपूट उभी करून पळतं तेव्हा ती निशाणासारखी चमकते. त्यांना खाणारे लांडगे आणि कूगर या भागातून केव्हाच नाहीसे झाले. आणि आपण जी वस्ती केली आहे, थोडं जंगल, थोडं लॉन, मध्ये खतपाणी घातलेली कोवळी झुडपं, ती त्यांना दाट जंगलापेक्षा जास्त मानवते. एक मोठं हरीण दिवसाला दोन-तीन किलो पाला सहज खातं. पहाटे आणि तिन्हीसांजेला येतं, ठरलेल्या वाटेने येतं, आणि एकदा चव लागली की तीच वाट धरून पुन्हा येतं.

म्हणून माझा पहिला नियम: बागेचे तीन भाग करा. जे आपण खातो ते कुंपणाच्या आत. जे फक्त बघतो, ते असं निवडा की हरीण त्याला तोंड लावणार नाही. आणि या दोन्हीत न बसणारं, पण जीव लावलेलं, एखादा गुलाब, एखादं हायड्रेंजा, तेवढ्यालाच फवारा. सगळ्या अंगणाला फवारत बसलात तर जुलैपर्यंत हात दुखून सोडून द्याल. मी दोन उन्हाळे तेच केलं आणि दोन्ही वर्षं भेंडी हरणांनी खाल्ली.

कुंपण

मनात आणलं तर हरीण आठ फूट उडी मारतं. त्यामुळे मोकळ्या मोठ्या जागेला खरं कुंपण आठ फुटांचं. पण बहुतेक गावांत मागच्या अंगणाला सहा फुटांच्या वर परवानगी मिळत नाही, किंवा वेगळा अर्ज करावा लागतो. खांब विकत घेण्याआधी टाऊनशिपच्या झोनिंग ऑफिसला विचारा, आणि घरांची असोसिएशन असेल तर तिलाही. आणखी एक फोन ८११ ला करा. तो फुकट आहे. खणायच्या आधी कामाचे तीन दिवस सोडून कळवलं की जमिनीखालून गॅस, वीज, केबल कुठून गेली आहे ते खुणा करून देतात. वाफ्यापुरते चार खांब ठोकायचे असले तरी हा फोन चुकवू नका.

सहा फुटांतही भागतं, कारण हरणाच्या उडीचा एक स्वभाव आहे. पलीकडे उतरायची जागा दिसली नाही, किंवा ती अरुंद वाटली, तर ते उडी मारत नाही. त्याच्या पायांवर त्याचा जीव आहे, पाय अडकेल अशा जागी ते स्वतःहून जात नाही. यातून तीन मार्ग निघतात. आरपार न दिसणारं सहा फुटांचं फळ्यांचं कुंपण. चार-पाच फूट उंचीची दोन कुंपणं, मध्ये चार-पाच फुटांची गल्ली सोडून, म्हणजे उंची आणि रुंदी एकदम पार करता येत नाही. किंवा तिसरा, जो मी केला: जागाच लहान ठेवायची आणि आत वेलांचे मांडव, काठ्या, वाफे यांनी ती भरून टाकायची. चार बाय आठच्या एकट्या वाफ्याला तर पाच फुटांची जाळीही पुष्कळ होते, आत उतरायला हरणाला जागाच नसते.

माझा पट्टा बारा बाय वीस फुटांचा आहे. खांब लोखंडी, ज्यांना इथे टी-पोस्ट म्हणतात, आठ फुटांचे, दोन फूट जमिनीत. दर आठ फुटांवर एक. शेल लागला की खांब वाकतो, तेव्हा आधी सब्बलीने भोक पाडून घ्यायचं. (पुण्याकडची माणसं पहार म्हणतील. आमच्या यवतमाळकडे सब्बल.) जाळी काळी, प्लॅस्टिकची, हरणांसाठी म्हणूनच मिळते ती. पक्ष्यांसाठी मिळणारी पातळ सैल जाळी आणू नका. तिच्यात साप अडकतात, पक्षी अडकतात, आणि त्यांना कात्रीने सोडवताना जीव कासावीस होतो. जाळी ताणून बांधायची, कुठेही झोळ नको.

काळी जाळी अंधारात हरणाला दिसत नाही. ते पळत येऊन धडकतं, जाळी फाटते, आणि एकदा भोक सापडलं की संपलं. म्हणून तीन-चार फुटांच्या उंचीवर पांढऱ्या चिंध्या बांधा, हातभर अंतराने. पहिले काही महिने तरी ठेवाच.

आता साड्यांचं सांगते. जाळी लावून झाली तरी मला भरवसा वाटेना. पट्ट्याच्या दक्षिणेला लॉन आहे, तिकडून आत सगळं स्वच्छ दिसतं. भावाशी फोनवर बोलत होते. आमच्या शेताला रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, आणि रानडुकरांचा त्रास आहे, आणि विदर्भात आता जिकडे तिकडे बांधावर काठ्या रोवून जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. तो म्हणाला, "ताई, तुह्याकडं साड्या नाहीत का वं? बांधून टाक. आतलं दिसलंच नाही तं ते उडी कायले मारीन?" रानडुकराला साडी फार दिवस अडवत नाही, हे त्यानेच सांगितलं, ते खालून मुसंडी मारतं. पण इथे डुक्कर नाही. मी आईच्या दोन नऊवारी आणि माझ्या चार जुन्या सुती साड्या काढल्या.

सुतीच घ्या. सिंथेटिक साडी वाऱ्याने शिडासारखी फुगते आणि खांब हलवते. आडवी बांधायची, काठ वर, जमिनीपासून साधारण दोन फुटांवरून सुरू करून. साडीची रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास असते, म्हणजे ती बरोबर सहा फुटांच्या खांबाच्या टोकाला येते. दर हातभर अंतरावर काठाला गाठ मारून सुतळीने जाळीला बांधा आणि मध्ये थोडा सैलपणा ठेवा. खालचे दोन फूट उघडे असले की वारा खेळतो आणि वालाला बुरशी धरत नाही. पूर्वेकडून मी साडी लावत नाही, तिकडून सकाळचं ऊन हवं असतं. तिथे दुधीचा मांडव आहे, तोच जुलैपासून भिंतीचं काम करतो. दोन उन्हाळ्यांत साडी उन्हाने विरते, मग बदलायची. बर्फ पडायच्या आधी काढून धुऊन ठेवायची, नाहीतर ओल्या बर्फाच्या वजनाने जाळीसकट खाली येते.

आईच्या एका नऊवारीचा हिरवा रंग आता जवळजवळ पांढरा झाला आहे. ती सहा वर्षं तिथे आहे, जुनं सूत इतकं दणकट. त्या वर्षापासून आतल्या भाजीला एकदाही हरणाने तोंड लावलेलं नाही.

दार विसरू नका. कुंपण सगळीकडे सहा फूट आणि फाटक चार फुटांचं, असं मी तीन घरी पाहिलं आहे. फाटक तेवढ्याच उंचीचं हवं, आपोआप लागणारी कडी हवी, आणि मुलांना सांगून ठेवायचं की आत-बाहेर करताना लावायचंच.

फवारा

विकतचे चांगले फवारे बहुतेक कुजलेल्या अंड्याच्या घन भागापासून बनवलेले असतात. त्या वासात हरणाला मेलेल्या जनावराची, म्हणजे शिकारी जवळ असल्याची भीती वाटते. घरी करायचा तर प्रमाण सोपं आहे: एक भाग फेटलेलं अंडं, चार भाग पाणी. अंड्यातला पांढरा चिकट दोरा आधी काढून टाका, तो फवाऱ्याच्या तोंडात अडकतो. मिश्रण जुन्या मलमलीतून गाळून घ्या. पानं कोरडी असताना, पुढे दिवसभर तरी पाऊस नसताना मारा. वाळलं की आपल्याला वास येत नाही, त्यांना येतो.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि जोराचा पाऊस झाला तर लगेच. मधल्या काळात जी नवी पालवी फुटते तिच्यावर काहीच नसतं, आणि हरणाला हवी असते ती तीच. मे-जूनमध्ये म्हणून लवकर लवकर मारावं लागतं. खायच्या पानांवर, कोथिंबीर, मेथी, अंबाडी, अळू यांच्यावर मारू नका. कच्चं अंडं आहे ते.

सुरुवात कधी करायची हे जास्त महत्त्वाचं. ट्यूलिपची नाकं मार्चअखेर जमिनीतून वर येतात त्याच आठवड्यात पहिला फवारा. हरणाला सवय लागण्याआधी त्याची वाट वळवणं सोपं, लागल्यावर फार कठीण. आणि दर दोन-तीन महिन्यांनी वास बदला, एकदा अंडं, एकदा पुदिन्याच्या किंवा लसणाच्या तेलाचा विकतचा. एकाच वासाची त्यांना ओळख होते.

साबणाच्या वड्या, केसांचे पुंजके, चकाकणाऱ्या पट्ट्या, रेडिओ: सगळं करून पाहिलं. साबणाचा वास हातभर अंतरापलीकडे जात नाही. बाकीच्या गोष्टी आठवडा-दोन आठवडे चालतात. हालचाल दिसली की पाणी उडवणारं स्प्रिंकलर मात्र उन्हाळ्यापुरतं खरंच कामाचं आहे, दर दहा दिवसांनी त्याची जागा बदलत राहिलात तर. थंडी पडली की नळी गोठते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये आत घ्या.

समोरच्या अंगणात काय लावावं

समोर कुंपण घालता येत नाही, तिथे निवडच करावी लागते. रटगर्स विद्यापीठाच्या कृषी केंद्राने न्यू जर्सीसाठी झाडांची एक यादी केली आहे, हरणं काय क्वचित खातात आणि काय हमखास खातात अशा चार गटांत. नर्सरीत जाण्याआधी ती काढून बघा. "डिअर रेझिस्टंट" ही चिठ्ठी कुंडीवर असली म्हणजे हरीण वाचून परत जातं असं नाही; हिवाळा कडक असेल आणि पोट रिकामं असेल तर ते बरंच काही खातं.

माझ्या अनुभवाने सांगायचं तर होस्टा ही रुंद पानांची शोभेची झाडं लावू नका, ती त्यांना आपल्या पेढ्यासारखी आहे. ट्यूलिप, डे-लिली, गुलाब तसेच. कुंपणासाठी रांगेने लावतात ते आर्बरव्हिटे तर हिवाळ्यात खालून सहा फुटांपर्यंत सोलून काढतात, वर नुसता शेंडा उरतो आणि खालचा भाग पुन्हा फुटत नाही. त्याऐवजी डॅफोडिल घ्या, त्यांचा कंद विषारी असतो, हरीण शिवतही नाही. पिओनी, लॅव्हेंडर, कॅटमिंट, रशियन सेज, नेचे, बॉक्सवुड, कांदा-लसणाच्या जातीची अॅलियमची जांभळी फुलं, हे सगळं माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकलं आहे. उग्र वासाचं, केसाळ किंवा चामड्यासारख्या पानाचं, एवढं लक्षात ठेवलं तरी नर्सरीत अर्धं काम होतं. बारबेरी मात्र कोणी काट्यांमुळे सुचवली तरी नको. ती जंगलात पसरते, आणि तिच्या दाट सावलीत गोचिडी वाढतात.

नव्याने आणलेलं कुठलंही रोप पहिले दोन महिने जपा, मग ते यादीत कितीही वरचं असो. नर्सरीत भरपूर खत घालून वाढवलेलं असतं, कोवळं असतं, आणि हरीण चव बघायला का होईना उपटून टाकतं. तारेचा गोल पिंजरा करून वर ठेवा, मुळं धरली की काढा. कढीपत्ता, तुळस, मोगरा आपल्याकडे कुंडीतच असतात. मेच्या मध्यानंतर थंडीची भीती गेली की बाहेर काढतो, तेव्हा त्यांना घराच्या भिंतीला लागून, पायऱ्यांवर ठेवा. दाराजवळ माणसांचा वावर असतो तिथे हरीण बिचकतं.

सप्टेंबरनंतर

पानं वाचली म्हणून स्वस्थ बसू नका. सप्टेंबरमध्ये नर शिंगांवरची मखमल घासून काढायला लागतात आणि मग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, माजाच्या दिवसांत, तरुण झाडांच्या खोडांवर शिंगं घासत राहतात. मनगटाएवढं खोड त्यांना सगळ्यात आवडतं. सभोवती साल गेली की झाड मेलंच, कारण अन्नरस त्या सालीखालूनच वाहतो. माझं पर्सिमन या फळाचं चार वर्षांचं झाड एका रात्रीत असं गेलं. ऑगस्टअखेर खोडाभोवती प्लॅस्टिकची नळी किंवा तारेची जाळी जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत घाला, खोडाला चिकटू न देता. आर्बरव्हिटे आधीपासूनच असतील तर थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाकडच्या सणाच्या, आधी गोणपाटाने किंवा जाळीने गुंडाळा आणि मार्चअखेर सोडा.

आणि गोचिडी. हरणांच्या वाटेवर काम केलंत की घरात येऊन अंग तपासायचं: गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याशी, केसांत, मुलांच्या कानामागे. लाइम हा आजार कनेक्टिकट राज्यातल्या लाइम नावाच्या गावावरून ओळखला जातो, आणि तो पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नखपॉलिश काही लावू नका. नंतर लाल चट्टा वाढताना दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. फिक्या रंगाची पॅन्ट आणि ती मोज्यांत खोचलेली, एवढ्यावर मी इतकी वर्षं निभावून नेलं आहे.

राहिली जाळीची खालची कड. हरीण उडी मारण्याआधी खालून जाता येतं का ते बघतं, हे मला उशिरा कळलं. एका जूनमध्ये सकाळी पाणी घालायला गेले तर अळूच्या पानांखाली पाडस बसलेलं. मांजरीपेक्षा थोडं मोठं, पाठीवर पांढरे ठिपके, मान जमिनीला टेकवलेली. डोळे उघडे, पण हलत नव्हतं, कान सुद्धा हलवत नव्हतं. माझ्या हातातल्या नळीचं पाणी त्याच्या पाठीवर उडालं तरी नाही. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत माद्या वितात, आणि पाडसाला असं लपवून दिवसभर दूर चरायला जातात, अधूनमधून येऊन पाजतात. ते टाकून दिलेलं नसतं. हात लावायचा नाही, दूध द्यायचं नाही, कुठे उचलून न्यायचं नाही. मी फाटक उघडं टाकलं, नळी बंद केली, आणि त्या दिवशी कोणालाही तिकडे जाऊ दिलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, मादी फाटकात उभी होती. सकाळी अळूखाली गवत दबलेलं तेवढं दिसलं.

ते आत आलं होतं उत्तरेच्या कोपऱ्यातून, जिथे जाळी जमिनीपासून वीतभर उचललेली होती. तेव्हापासून मी जाळीची खालची सहा इंच बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून घेते आणि दर दोन फुटांवर तारेचा आकडा ठोकते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, माद्या वितायच्या आत, हातात आकड्यांची पिशवी घेऊन सगळ्या कडेने एक फेरी मारा. जिथे मूठ जाते तिथे आकडा.